दुपारच्या चार तासांची किंमत

चैत्र सरून वैशाख लागला की वर्तमानपत्रांतून एक कोष्टक नियमाने छापून येऊ लागते. गावाचे नाव, कमाल तापमान, किमान तापमान. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला, जळगाव ही नावे त्यात आलटून पालटून वरच्या ओळीत असतात. त्या ओळीत आपल्या गावाचे नाव आले म्हणजे आपल्याला नकळत एक विचित्र अभिमानही वाटतो. २ जून २००७ रोजी चंद्रपूरचा पारा ४९ अंशांवर गेला होता; २३ मे २०१३ रोजी नागपूरने ४७.९ अंश अनुभवले. आणि राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, हे आकडे स्पर्धा-परीक्षेला बसणारे विद्यार्थी पाठ करून ठेवतात. परंतु त्या दिवशी त्या उन्हात कोण उभे होते, किती वेळ उभे होते आणि कोणाच्या सांगण्यावरून उभे होते, याचे कोष्टक मात्र कोठेच छापले जात नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खरे कुतूहल या दुसऱ्या कोष्टकाचे असावयास हवे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण राजापूरच्या बाजूला कोकणात गेले आणि नोकरीची वीस वर्षे वऱ्हाडात गेली. त्यामुळे उन्हाळा म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, ही जाणीव पुस्तकातून नव्हे तर अंगावरच्या घामातून झाली. वऱ्हाडात रुजू झालो त्या पहिल्या एप्रिलमध्ये, घाम येत नाही म्हणून मी खूष होतो. घरमालकीण बाई मात्र रोज बजावीत, "भाऊ, दुपारी बाहेर पडू नका, आणि पडलात तर डोक्याला बांधल्याशिवाय पडू नका." घाम येत नव्हता असे नाही, येताक्षणीच तो वाळत होता आणि अंगातले पाणी माझ्या नकळत उडून जात होते, हे ध्यानात येण्यास दोन दिवसांचे आजारपण पुरेसे झाले.

कोरडे ऊन, दमट ऊन

माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे, हा निसर्गाचा कडक नियम आहे. बाहेरची हवा त्याहून अधिक तापली की शरीराला थंड होण्यासाठी एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला तरच उष्णता घेऊन जातो. विदर्भात हवा कोरडी असते म्हणून घाम झपाट्याने वाळतो. तेथे संकट असते ते अंगातले पाणी आणि क्षार संपण्याचे. कोकणात हवेतच पाणी भरलेले असते, त्यामुळे घाम निथळतो पण वाळत नाही. तेथे पारा ३६-३७ अंशांवर थांबला तरी जीव कासावीस होतो. भारतीय हवामान खात्यानेही हा भेद मानला आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर, किनारपट्टीवर ३७ अंशांवर आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर गेल्यावर सुरू होतो; आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. ४५ अंश ओलांडले की मात्र सरासरीचा हिशेब न करताही लाट मानली जाते.

विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर कोकणात का चालत नाही, याचेही उत्तर यातच आहे. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. हवा मुळातच दमट असेल तर वाफ व्हायची कोठून? रत्नागिरीच्या माणसाने नागपूरचा कूलर हौसेने नेला तर त्याची खोली गार होण्याऐवजी केवळ ओली होईल. एका प्रदेशाचा उपाय दुसऱ्या प्रदेशात जसाच्या तसा लागू पडत नाही, हे सूत्र कूलरपुरतेच नाही. पुढे शाळांच्या वेळापत्रकाच्या बाबतीतही ते आपल्याला भेटणार आहे.

पाऱ्याच्या आकड्यावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे एका भव्य सार्वजनिक समारंभासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर तासन्‌तास बसली होती. परिसरात नोंदलेले तापमान चाळीस अंशांच्या आतच होते. विदर्भातील माणसाला तो आकडा किरकोळ वाटला असता. पण किनाऱ्याजवळची दमट हवा, डोक्यावर आच्छादन नाही आणि गर्दीतून उठून जाण्याची सोय नाही, अशा स्थितीत १४ जणांचे प्राण गेले. समारंभ सायंकाळी ठेवला असता तर कोणाचे काय बिघडले असते, हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला. तो प्रश्न त्या एका समारंभापुरता नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी कोणी उन्हात असावे हे कोण ठरवितो, हा त्याचा गाभा आहे.

जुने शहाणपण व त्याची मर्यादा

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे आपापल्या परीने उत्तर शोधले होते. मराठवाड्यातील माळवदाची आणि खानदेश-वऱ्हाडातील धाब्याची घरे पाहावीत. हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, खिडक्या लहान. दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर निजावयास गेलेली असत. कोकणात याच्या उलट रचना: उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, वारा आरपार जाईल अशी दारे. एका ठिकाणी उष्णतेला बाहेर थोपवून धरावयाचे होते, तर दुसऱ्या ठिकाणी वाऱ्याला आत बोलवावयाचे होते.

आहारातही हाच विवेक दिसतो. कैरीचे पन्हे, ताक, ज्वारी-नाचणीची आंबील, कोकमाचे सरबत. पाणी आणि मीठ ही शरीरातून निघून जाणारी दोन द्रव्ये भरून काढण्याचे हे मार्ग. तेलंगणात आंबिलीची सख्खी बहीण 'अंबली' आहे. ओडिशात शिजलेला भात पाण्यात आंबवून 'पखाळ' करतात. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची रीत, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देण्याची प्रथा आणि गावाच्या वेशीवरची पाणपोई, या साऱ्यांत पाणी ही विकण्याची वस्तू नसून तहानलेल्याचा हक्क आहे, असा एक अलिखित करार होता. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूत मात्र कोणत्याही कसोटीला उतरणारी नाही. डोक्याला बांधलेले उपरणे आणि पोटात गेलेले पाणी हीच खरी संरक्षणे होत.

येथपर्यंत लिहिले की वाचकाला वाटेल, प्राध्यापक महाशय जुन्या काळाचे गोडवे गाणार. तसे नाही. धाबे गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी खारी माती आणून चोपावी लागे. कौले परतावी लागत. ते श्रम घरातलीच माणसे करीत आणि त्यांची किंमत कोणी धरीत नसे. लाकूड महागले, मुले शहराकडे गेली, माती आणण्याच्या जागा राहिल्या नाहीत. तेव्हा लोकांनी पत्रे घातले. पत्रा एकदा घातला की पुष्कळ वर्षे बघावा लागत नाही, सुटा करून दुसरीकडे नेता येतो आणि अडीनडीला विकताही येतो. गरीब माणसाने केलेला तो अगदी विचारपूर्वक हिशेब आहे. त्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे दुपार. पत्रा तापावयास घटकाभरही लागत नाही आणि त्याखाली चूल पेटवून भाकरी थापणारी बाई हवामान खात्याच्या आकड्याहून कितीतरी अधिक उष्णतेत बसलेली असते. खात्याचे तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेले असते हे आपण विसरतो. जुने शहाणपण लोप पावले ते लोक अडाणी झाले म्हणून नव्हे. त्या शहाणपणाला लागणारी जागा, वेळ आणि साधने त्यांच्या हातून गेली म्हणून.

'खाडा' की 'अवकाश'?

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी श्रमाच्या पुरवठ्याचा सिद्धान्त शिकवीत होतो. प्रत्येक व्यक्ती काम आणि अवकाश यांत निवड करते. मजुरीचा दर एका मर्यादेपलीकडे वाढला की ती अधिक अवकाश पसंत करते आणि पुरवठ्याची रेषा मागे वळते, असे फळ्यावर काढून दाखवीत होतो. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला. त्याचे वडील बांधकामावर बिगारी आहेत आणि सुट्यांत तोही ठिय्यावर उभा राहतो, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "सर, मे महिन्यात दुपारी घरी थांबलं तर आमच्याकडे त्याला खाडा म्हणतात. पुस्तकात त्याला अवकाश कसं म्हटलंय?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या दिवशी मला त्याचे समाधान करता आले नाही. विचार केला तेव्हा ध्यानात आले की माझ्या स्वतःच्या आयुष्यात या दोन शब्दांतील अंतर किती सोयीस्कर आहे. मे महिन्यात महाविद्यालयाला सुटी असते आणि त्या सुटीचा पगार मला मिळतो. कचेरीतील कारकून दुपारी कूलरच्या वाऱ्यात फाइल पुढे सरकवतो, त्याचेही वेतन उन्हामुळे कमी होत नाही. मी दुपारी पडदे ओढून झोपलो तर तो अवकाश. बिगाऱ्याने झाडाखाली अंग टाकले तर तो खाडा. ऊन दोघांना सारखेच, शरीरे सारखीच. फरक एवढाच की माझ्या विश्रांतीचा खर्च संस्था उचलते आणि त्याच्या विश्रांतीचा खर्च त्याची चूल उचलते.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुष्काळाविषयी एक मूलभूत मुद्दा मांडला. दुष्काळात माणसे मरतात ती नेहमी धान्य नसते म्हणून नव्हे. धान्य असूनही त्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही म्हणून. उष्णतेलाही हाच विचार लावून पाहावा. पाणी, सावली आणि दुपारची विश्रांती या तीन गोष्टी उष्माघात टाळण्यास बहुतांशी पुरेशा आहेत, आणि तिन्ही गोष्टी अत्यंत साध्या आहेत. मग माणसे का मरतात? कारण सावलीत जाण्याचा हक्क मजुरी बुडविल्याशिवाय त्यांना बजावता येत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली एक अंदाज मांडला. त्यानुसार उष्णतेमुळे भारतातील एकूण कामाच्या तासांपैकी ४.३ टक्के तास १९९५ साली वाया गेले होते; २०३० साली हे प्रमाण ५.८ टक्के होईल, आणि ती हानी ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतकी असेल. अर्थात हा अंदाज आहे. परंतु शेती आणि बांधकाम या ज्या दोन क्षेत्रांत ही हानी मुख्यतः होणार, ती क्षेत्रे कोणाच्या श्रमांवर चालतात हे सांगण्यासाठी अंदाजाची गरज नाही.

केळीला विमा, मजुराला नाही

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका होता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामाच्या जागी सुसह्य तापमान राखण्याची तरतूद होती. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याची सोय करावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच केलेल्या कायद्यात थंड पाण्याचा विचार झाला, ही गौरवाची गोष्ट खरीच. पण तो कारखान्याच्या चार भिंतींच्या आतला विचार होता. खडी फोडणारा, डांबर ओतणारा, वीटभट्टीवर विटा थापणारा, बाजार समितीत पोती वाहणारा, भर दुपारी कापूस-पऱ्हाट्या उपटणारा मजूर त्या भिंतींच्या बाहेर होता.

या बाहेरच्या मजुराचा विचार महाराष्ट्राने एकदा देशाच्या पुढे जाऊन केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्यासाठी सावली आणि मजुरांच्या लहान मुलांसाठी सोय असावी, हे त्या योजनेत अभिप्रेत होते. तथापि मजुरी मोजमापावर होती. किती घनमीटर माती खोदली, किती खडी फोडली, त्यावर दाम. या पद्धतीत आळसाला वाव राहत नाही असे तिचे समर्थन केले जाई, आणि त्यात तथ्यही होते. पण दुष्काळी कामे ज्या महिन्यांत सर्वांत जास्त चालतात ते महिने उन्हाळ्याचे. डिसेंबरमध्ये एक मजूर जेवढी माती खोदतो तेवढी तो मे महिन्यात खोदू शकत नाही. म्हणजे ज्या महिन्यात त्याला पैशाची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यात मोजमापाची पट्टी त्याच्या हातावर सर्वांत कमी दाम ठेवते.

यात बदल करणे अवघड आहे काय? सरकारी बांधकामाच्या दरसूचीत मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे असतात. माती किती लांब वाहावयाची आणि किती उंच चढवावयाची यासाठीही वेगळा दर धरला जातो. जमीन कठीण असली की दर वाढतो हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. मग ऊन कठीण असेल तेव्हा दर का वाढू नये? एप्रिल व मे या महिन्यांसाठी प्रदेशवार एक गुणक ठरवावा, विदर्भासाठी वेगळा, किनारपट्टीसाठी वेगळा, आणि कमी खोदाईला पुरी मजुरी द्यावी. कोणत्याही कार्यकारी अभियंत्याला समजेल इतका हा हिशेब सोपा आहे.

याच संदर्भात जळगावचे उदाहरण बोलके आहे. तापीकाठच्या केळीच्या बागांना मे महिन्यातील उष्ण वारे झोडपून काढतात. पाने फाटतात, घड सटकतात. शेतकरी बागेभोवती शेवरीसारख्या झाडांचे कुंपण करून वारा अडवितो. शिवाय हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी उच्च तापमान हा धोका मानला गेला आहे. ठरलेल्या काळात पारा ठरलेल्या मर्यादेच्या वर सलग काही दिवस राहिला की भरपाई मिळते. ही योजना योग्यच आहे. बागाइतदाराचे नुकसान खरे असते. पण त्याच बागेत, त्याच दिवशी, त्याच उन्हात घड कापून खांद्यावरून वाहणाऱ्या मजुराचे काय? पारा चढला की झाडाचे नुकसान झाले असे गृहीत धरून पैसे मिळतात. मजुराचे नुकसान झाले असे मात्र गृहीत धरले जात नाही.

असे गृहीत धरता येते, हे स्त्रियांच्या एका संघटनेने दाखवून दिले आहे. इला भट यांनी १९७२ साली अहमदाबादेत स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने २०२३ पासून आपल्या सदस्य स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरावीक मर्यादा ओलांडून टिकले की आजाराचा किंवा नुकसानीचा पुरावा न मागता रक्कम खात्यावर जमा होते. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र येथील सुमारे ५०,००० स्त्रिया या छत्राखाली होत्या. रक्कम लहान असते. विम्याच्या हप्त्याला बाहेरच्या देणग्यांचा आधार लागतो. म्हणून हा अंतिम उपाय आहे असे मी म्हणणार नाही. पण दुपारचा खाडा ही विमा उतरविण्याजोगी हानी आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले, हे लहान काम नव्हे.

इतरांनी काय केले

उष्णतेपुढे इलाज नाही, असे म्हणणाऱ्यांनी ओडिशाकडे पाहावे. १९९८ च्या उन्हाळ्यात त्या राज्यात उष्माघाताने २,०४२ माणसे दगावली. त्या धक्क्यानंतर राज्याने शाळा सकाळी भरविणे, भर दुपारी उघड्यावरची कामे थांबविणे, बसगाड्यांच्या वेळा बदलणे, जागोजागी पाणपोया आणि दवाखान्यांत स्वतंत्र खाटा अशी शिस्त बसविली. त्यानंतर तेवढी प्राणहानी तेथे पुन्हा नोंदली गेली नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी मुकाबला करण्याची आपली योजना आखली. दक्षिण आशियातील तशी ती पहिलीच. आगाऊ इशारा, डॉक्टरांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची केंद्रे, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग, असे तिचे साधे स्वरूप आहे. नागपूरनेही २०१६ पासून तो मार्ग धरला. केरळात दर उन्हाळ्यात श्रम खाते आदेश काढते आणि उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ विश्रांती देऊन कामाचे तास सकाळ-संध्याकाळ बसवून दिले जातात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. आखातात गेलेल्या आपल्या माणसांना परदेशात जी दुपार मिळते, ती त्यांच्या गावाकडच्या भावांना का मिळू नये?

येथे ठेकेदारांचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, काम पावसाळ्यापूर्वी संपवावयाचे असते. तास कमी झाले तर खर्च वाढेल. हा आक्षेप खोटा नाही. पण तो खर्च आजही होतच आहे, फक्त तो मजुराच्या अंगावर होत आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मजुरांचा आहे. दुपारी काम बंद ठेवण्याचा हुकूम निघाला आणि मजुरी मात्र तासांवर किंवा उक्त्या कामावर राहिली, तर सरकारने त्यांच्या भल्यासाठी काढलेला तो हुकूम त्यांच्या पोटावर येईल. म्हणूनच नुसती बंदी पुरेशी नाही. पहाटे पाचला काम सुरू करता यावे यासाठी उजेड, वाहन आणि स्त्रियांची सुरक्षितता पाहावी लागेल, आणि दिवसाची मजुरी पूर्ण ठेवावी लागेल. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे उजाडण्यापूर्वी निघतात आणि ऊन चढण्याच्या सुमारास परततात. वेळ ठरविण्याचा अधिकार हाती असला तर श्रमिक माणूस उन्हाशी कसे जुळवून घेतो हे त्यांच्याकडून शिकावे. अडचण तेथे येते जेथे वेळ दुसरा ठरवितो आणि ऊन तिसरा सोसतो.

आपल्या हातातले

या लेखाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कचेरीत काम करणारे आणि विद्यार्थी. वेळापत्रके बहुधा आपल्याच हातून कागदावर उतरतात. २०२५ साली राज्यभर शालेय परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालवाव्यात असे ठरले तेव्हा विदर्भातून तीव्र विरोध झाला. तो विरोध लाडावलेल्या मुलांचा नव्हता. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, कारण तेथील उन्हाळा उशिरापर्यंत रेंगाळतो, हे राज्य फार पूर्वीपासून मान्य करीत आले आहे. एका राज्याला एकच कॅलेंडर असावे हा प्रशासकीय नीटनेटकेपणा झाला. पण सह्याद्रीच्या दोन बाजूंना निसर्गाने तो पाळलेला नाही. रत्नागिरीचा कूलर आणि चंद्रपूरची एप्रिलमधील परीक्षा, दोन्हींत चूक एकच आहे.

तसेच मृत्यूच्या नोंदीचे. उन्हात कोसळलेल्या मजुराच्या दाखल्यावर पुष्कळदा हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते. तांत्रिक दृष्ट्या ती चूक नसेलही. पण त्या एका ओळीने त्याच्या कुटुंबाचा मदतीवरचा दावा संपतो आणि शासनाच्या लेखी उन्हाळा सौम्य ठरतो. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक असणार? आणखी एक साधी गोष्ट. तहसील, बाजार समिती, बसस्थानक, शिधावाटप दुकान येथे माणसे ज्या जागी रांगेत उभी राहतात ती जागा बहुधा उन्हात असते आणि खिडकीच्या आतली बाजू सावलीत असते. चार बांबू आणि ताडपत्री यांना वरिष्ठांची मंजुरी लागते असे मला वाटत नाही. पत्र्यावर वा स्लॅबवर चुन्याचा हात मारावयास तर त्याहूनही कमी खर्च येतो.

आपण मध्यमवर्गीयांनी मात्र वेगळाच मार्ग धरला आहे. इंग्रजी अमलात साहेबाच्या खोलीत झालरीचा पंखा हलत असे आणि त्याची दोरी ओढणारा माणूस बाहेर व्हरांड्यात झळांमध्ये बसलेला असे. आज दोरी ओढणारा नाही. पण आपल्या वातानुकूलित खोलीतली उष्णता भिंतीबाहेरच्या यंत्रातून गल्लीत टाकली जाते आणि त्या गल्लीत रसवंतीवाला, भाजीवाली आणि पहारेकरी उभे असतात. यंत्र घेऊ नये असा उपदेश मी करणार नाही. चाळिशीनंतर माझ्याही घरी ते आले आहे. पण आपली दुपार गार झाली म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्न सुटला, असे समजण्याची चूक तरी करू नये.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे उत्तर दिले ते असे: पुस्तकातील रेषा चुकलेली नाही, पण तिच्या मागे एक गृहीत दडलेले आहे. निवड करणाऱ्याला खरोखरच निवड उपलब्ध आहे, हे ते गृहीत. दुपारी थांबले तरी संध्याकाळी चूल पेटेल अशी व्यवस्था जोवर होत नाही, तोवर तुझाच शब्द बरोबर आहे. त्याने तो शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिला असता तर मी त्याला गुण दिले असते. गुण देणे सोपे आहे. त्याच्या वडिलांना दुपारचे ते चार तास पगारी मिळवून देणे हे काम अद्याप शिल्लक आहे, आणि वैशाख दर वर्षी येतच राहणार आहे.